कोकणातल्या घरात पुश-फिट प्लास्टिक पाइप घालावेत का?

आपण विचारले आहे की, रत्नागिरीजवळच्या आपल्या चिरेबंदी घरातले लोखंडी पाइप खाऱ्या हवेने गंजले असून त्यांच्या जागी पुश-फिट जोडांचे, म्हणजे नुसते दाबून बसवायचे प्लास्टिक पाइप घालावेत का आणि ते काम स्वतः करता येईल का. माझे मत असे की अवश्य घालावेत, मात्र जो जोड दिसतो आणि जिथे हात पोहोचतो तिथेच. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघराचे काम मी याच पद्धतीने केले आहे.

प्रथम दुकानातला एक घोटाळा टाळावा. आपल्याकडे ‘पुश-फिट’ मागितले की अनेकदा सांडपाण्याचे, रबरी रिंगचे पाइप काढून दाखवतात. ते उताराने वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी असतात, टाकीच्या किंवा पंपाच्या दाबासाठी नव्हेत. आपल्याला हवा असलेला जोड पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राला लागणाऱ्या बारीक नळीच्या जोडासारखा असतो. त्यात रबरी ओ-रिंग पाणी अडवते आणि दातेरी कडी पाइप मागे सरकू देत नाही. मापाचीही खात्री करावी, कारण ‘अर्धा इंची’ सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या) पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मि.मी., तर त्याच मापाच्या यूपीव्हीसी (थंड पाण्याच्या) पाइपाचा सुमारे २१ मि.मी. असतो, आणि हा जोड बाहेरच्या व्यासावरच बसतो.

खरी काळजी पाइप कापताना घ्यायची असते. आमच्या पहिल्या जोडणीत एक पाइप हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, कापला गेला; त्याच्या कडेला राहिलेल्या कुसळाने ओ-रिंगला ओरखडा पडला आणि तो जोड थेंब थेंब गळू लागला. म्हणून पाइप-कटरनेच काटकोनात कापावे, कड साफ करावी, पाइप किती आत जायला हवा याची खूण पेन्सिलीने करावी, त्या खुणेपर्यंत दाबावा आणि मग मागे ओढून पाहावा. पेक्ससारख्या (पेक्स म्हणजे वाकवता येणारा पॉलिथिनचा पाइप) मऊ पाइपाच्या तोंडात आधाराची छोटी नळी घालणे बहुतेक जोडांत आवश्यक असते. तिच्यामुळे आतला मार्ग थोडा अरुंद होतो, हे लक्षात ठेवावे; टाकी नळापेक्षा चार मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.४ बार मिळतो, तेव्हा मुख्य वाहिनी पाऊण इंची घेणे बरे.

भिंतीत जोड गाडू नये असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे कारण आपल्या चिऱ्यातच आहे. चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, सच्छिद्र असल्याने गळलेले पाणी त्यात मुरते आणि ओल भलत्याच ठिकाणी उमटते. पावसाळ्यात तर सगळ्याच भिंती ओलसर असतात, त्यामुळे गळती कित्येक महिने लक्षात येत नाही. भिंतीतून न्यायचाच असेल, तर पेक्सचा अखंड तुकडा न्यावा आणि दोन्ही जोड बाहेर ठेवावेत. हा पाइप उन्हात मात्र उघडा ठेवू नये, अतिनील किरणांनी तो ठिसूळ होतो. गच्चीवरून येणाऱ्या वाहिनीला आच्छादन हवेच. गीझरपासूनचा पहिला मीटरभर भाग मी धातूचाच ठेवला आहे, आणि सौर बंबाच्या बाबतीत तर हे अधिकच पाळावे, कारण वापर नसताना त्यातले पाणी फार तापते.

सोल्युशनने चिकटवायच्या जोडाला कोरडा पृष्ठभाग आणि सुकायला वेळ लागतो, जुलैतल्या दमट हवेत तर अधिकच. पुश-फिट जोड बसवला की त्यातून लगेच पाणी सुरू करता येते, ही त्याची आपल्याकडची मोठी सोय आहे. काम झाल्यावर पंप लावून सगळे नळ बंद ठेवावेत आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून रात्रभर पाहावे. टाकीखाली एक मुख्य चावी जरूर बसवावी, आणि गणपती आटोपून घर बंद करून मुंबईला निघताना ती फिरवूनच निघावे.