माइटची आणि ज्वारीच्या फुलोऱ्याची भावकी नाही

ताई, मुलाच्या अ‍ॅलर्जीच्या रक्त तपासणीच्या रिपोर्टचं तुम्ही लिहिलंय ते वाचलं. धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), झुरळ, गाजरगवत, ज्वारी, हरळी, पाचही पॉझिटिव्ह. वरच्या प्रतिक्रियेत कुणीतरी सांगितलं की हे सगळं क्रॉस रिअ‍ॅक्शन असतं, म्हणजे एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्यालाही लागू होते, आणि माइटची लस (अ‍ॅलर्जी कमी करण्यासाठी देतात ती) घेतली की परागकणांचा त्रासही जाईल. यातलं क्रॉस रिअ‍ॅक्शन खरं आहे, पण भलत्याच जागी लावलंय.

मी डॉक्टर नाही. परभणीत वीस वर्षं शिंकतोय, तेवढाच अधिकार.

आपल्या अंगातली आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं, प्रथिनाचा आकार ओळखतात. दोन प्रथिनं भावकीतली असली की एकासाठी बनलेलं प्रतिपिंड दुसऱ्यालाही धरतं. ज्वारी आणि हरळी दोन्ही गवताच्या कुळातल्या, त्यामुळे त्या बऱ्याचदा जोडीनं पॉझिटिव्ह येतात. माइट आणि झुरळाचंही तसंच, दोघांत ट्रोपोमायोसिन नावाचं सारखं प्रथिन असतं. तेच झिंग्यातही असतं, म्हणून सुकट खाल्ल्यावर पोराच्या घशात खाज येते का ते विचारा. पण माइट पडला कोळ्याच्या नात्यातला आठपायी जीव आणि पराग झाडाचा. त्यांच्या मुख्य प्रथिनांची सोयरीक जुळत नाही. एकाच माणसाला दोन्ही अ‍ॅलर्जी असतात, मलाही आहेत, पण त्या दोन वेगळ्या.

रक्ताच्या तपासणीत आणखी एक गोम आहे. वनस्पतींच्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं असली तर रिपोर्टात पराग ओळीनं पॉझिटिव्ह दिसतात आणि माणसाला त्रास मात्र बहुतेक वेळा काहीच नसतो. त्यामुळे रिपोर्टाआधी पोराकडे बघा. झड लागल्यावर घर दमट झालं की सकाळी अंथरुणातच शिंका सुरू होतात का? तर माइटवर संशय. पाऊस उघडल्यावर गाजरगवत फुललेल्या बांधावरून आला, किंवा हुरड्याच्या आधी ज्वारी फुलोऱ्यात असताना रानात गेला की डोळे चोळत येतो का? तर पराग.

माइटचा त्रास निघाला तर वाकळीकडे वळा. आपल्याकडे वाकळ पत्र्यावर उन्हात टाकली की काम झालं असं समजतात. मे महिन्यातल्या आपल्या पत्र्यावर माइट मरतीलही, पण खरा त्रास त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनाचा, आणि ते वाकळीतच राहतं. मी एकदा अशी तापलेली वाकळ घरात आणून झटकली. कवाडातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगताना दिसली आणि पुढचा अर्धा तास मी नाक धरून ओसरीवर बसलो होतो. धुवायलाच लागते, तीही साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात. जाड वाकळ तशी धुणं म्हणजे दिवसभराचं काम, म्हणून मी सरळ पातळ चादरींवर आलो.

लस आत्ताच ठरवू नका. कुठल्या दिवशी, कुठं, किती शिंका, एवढं संक्रांतीपर्यंत वहीत लिहा आणि ती वही अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांपुढं ठेवा. ते हातावर टोचून टेस्ट करायला सांगतील तर सेटिरिझिन (शिंकांवरची अ‍ॅलर्जीची गोळी) किती दिवस आधी बंद करायचं ते आधीच विचारून घ्या, साधारण आठवडाभर तरी सांगतात. मी आदल्या रात्री गोळी घेऊन गेलो होतो. हिस्टामाइनच्या टिपक्याला, जिथं फुगवटा यायलाच हवा, तिथंसुद्धा आला नाही, आणि टेस्टचे पैसे भरून तसाच परत आलो.