सासऱ्यांसाठी ग्लेनफिडिक घेऊ की बाल्व्हेनी?

प्रश्न : माझे सासरे पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. ते गोव्यातल्या वाळपई साइडचे, घरची काजूची भट्टी होती, त्यामुळे मार्च-एप्रिलात हुर्राक (काजूच्या रसाची हलकी दारू) आणि एरवी रात्री जेवायच्या आधी एक पेग ब्लेंडेड व्हिस्की. सोडा नाही, थोडंसं पाणी, आणि बल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) बसून तोच पेग तासभर पुरवतात. सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) त्यांनी स्वतः कधी घेतली नाही. दुकानात मला दोन नावं सुचवली, ग्लेनफिडिक १२ आणि बाल्व्हेनी डबलवुड १२. दोन्ही १२ वर्षांच्याच, मग बाल्व्हेनी इतकी महाग का? आणि धुराचा वास त्यांना अजिबात चालत नाही, त्याचं काय? – एक जावई, फोंडा

उत्तर : धुराची काळजी आधी सोडा, दोन्हींत तो तोंडात येत नाही. धूर येतो पीटमुळे, म्हणजे भिजवून मोड आणलेलं बार्ली त्या दलदलीच्या मातीच्या धगीवर सुकवलं की, आणि त्यासाठी नावाजलेल्या आयला बेटावरच्या व्हिस्क्या वेगळ्या. तुमच्या दोन्ही बाटल्या स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागातल्या, त्यातही डफटाऊन या एकाच गावातल्या, एकाच घराण्याच्या आणि अक्षरशः शेजारी-शेजारी. विल्यम ग्रँटने १८८६ मध्ये मुलाबाळांना हाताशी धरून ग्लेनफिडिक बांधायला घेतली, १८८७ च्या नाताळच्या दिवशी तिथे पहिली धार पडली, आणि लगेच १८९२ मध्ये बाजूलाच बाल्व्हेनी उभी करायला घेतली. गाव तेच, मालक तेच, वय तेच, तरी चव वेगळी. तुमच्या सासऱ्यांना हे सांगून बघा, त्यांना नवल वाटणार नाही, कारण एकाच डोंगरावरच्या काजूच्या दोन भट्ट्यांची फेणी सारखी लागत नाही हे त्यांनी लहानपणापासून बघितलंय.

त्यांना पटेल अशी अजून एक गोष्ट आहे. आपल्याकडे रसाची पहिली उकळ म्हणजे हुर्राक आणि तो परत भाणात (उकळायच्या भांड्यात) गेला की फेणी, तसंच तिकडेही तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळतात, पहिल्या वेळी हलकं पाणचट काहीतरी निघतं आणि दुसऱ्या वेळी कडक. फरक पुढे सुरू होतो. आपली फेणी बहुतेक काचेच्या गराफांवात (मोठ्या बाटलीत) जाते, त्यांचं मात्र ओकच्या पिंपात जातं, आणि किमान ३ वर्षं पिंपात काढल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणताच येत नाही. या दोन बाटल्यांनी १२ काढलीत. पिंपात जाताना ते पाण्यासारखं पांढरं असतं, आपण ज्याला जुनी चव म्हणतो ती बरीचशी त्या लाकडाची असते, आणि तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं तिथेच आहे.

ग्लेनफिडिकमध्ये अमेरिकन बर्बन व्हिस्कीची पिंपं आणि स्पेनच्या शेरी वाईनची पिंपं अशी दोन्हींतली व्हिस्की एकत्र करतात. बाल्व्हेनी डबलवुडमध्ये मात्र एकच व्हिस्की आधी १२ वर्षं बर्बनच्या पिंपात मुरते आणि मग उपसून ९ महिने शेरीच्या पिंपात टाकतात. हे पिंप बदलायचं काम तिथले माल्ट मास्टर (व्हिस्की मुरवण्या-जुळवण्याचे प्रमुख) डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकात करून दाखवलं, डबलवुड १९९३ मध्ये बाजारात आली आणि आज कित्येक कंपन्या तेच करतात. शिवाय बाल्व्हेनीत अजूनही थोडं बार्ली जमिनीवर पसरून माणसं फावड्याने वरखाली करतात, जुन्या पद्धतीने, बहुतेक ठिकाणी हे कधीच बंद झालंय. माल कमी आणि हात जास्त, मग किंमत चढणारच.

आता चव. मी दोन्ही शेजारी ठेवून बऱ्याचदा घेतल्यात. ग्लासात ओतून दहा मिनिटं हात लावायचा नाही, मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. ग्लेनफिडिकला हिरवट पेअरचा आणि नुकत्याच कापलेल्या सफरचंदाचा वास येतो, अंगाने हलकी, घशाखाली गेली की पटकन संपते. बाल्व्हेनीला मध, व्हॅनिला आणि मागून तुपात परतलेल्या मनुकांसारखा गोड वास, जरा दालचिनीकडे झुकणारा, आणि ती जिभेवर रेंगाळते. रात्री ग्लास धुवू नका, तसाच झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा, बाल्व्हेनीच्या रिकाम्या ग्लासात लाकूड आणि मध दोन्ही सापडतात, मला तर पिण्याइतकंच ते आवडतं.

तर माझं मत स्पष्ट आहे, सासऱ्यांना बाल्व्हेनी द्या. ते सोडा आणि बर्फ घालणारे असते, किंवा पार्टीत दहाजणांत बाटली फुटणार असती तर मी डोळे मिटून ग्लेनफिडिक सांगितली असती, गोव्याच्या उकाड्यात सोडा घालून ती छानच लागते आणि बाल्व्हेनीचा मध मात्र सोड्यात वाहून जातो. पण जो माणूस एक पेग तासभर पुरवतो आणि ज्याचं नाक भट्टीवर तयार झालंय त्याला हळूहळू उलगडणारी गोष्ट हवी. पाणी त्यांना घालू दे, फक्त आधी चमचाभर घालून बघा म्हणावं. सोबत चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) नको, त्या तिखटामसाल्यात काही कळणार नाही, भाजलेले काजू पुरे, मीठही कमी. आणि बजेट खरंच ताणलं जात असेल तर ग्लेनफिडिक द्यायला बिलकूल संकोच करू नका, १९६३ पासून स्कॉटलंडबाहेर लोकांना सिंगल माल्टची ओळख करून दिली ती याच बाटलीने.

प्रश्न : उघडलेली बाटली गोव्याच्या दमट हवेत किती टिकते? फ्रिजमध्ये ठेवू का? आणि १२ वर्षांची व्हिस्की घरी ३ वर्षं ठेवली तर १५ ची होते का? – मडगाव

उत्तर : नाही होत. वय पिंपात वाढतं, काचेत थांबतं. फ्रिज नको, थंड झाली की वास दबतो. अंधाऱ्या कपाटात ठेवा, ऊन लागणाऱ्या शोकेसमध्ये नको. अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा जास्त होते आणि चव सपाट व्हायला लागते, मग काही महिन्यांत संपवा किंवा स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. आणि बाटली कायम उभी, वाईनसारखी आडवी नाही, कारण कडक दारू कॉर्क खाते. मला एकदा एका दुकानातून अशी आडवी पडून राहिलेली बाटली मिळाली होती, उघडताना कॉर्कचा भुगा झाला आणि अख्खी बाटली मलमलच्या फडक्यातून गाळावी लागली. विकत घेताना विचारा, कशी ठेवली होती ते.