जळगावच्या बंद पडलेल्या कारखान्यातला जुना फंड आणि पेन्शन कुठे शोधू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की १९९७ ते २००४ जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होता, पगारातून फंड (पीएफ) कापला जायचा, पुढे कारखाना बंद पडला आणि जवळ एकही कागद नाही. मग गावी शेती केली, २०१८ पासून चाकणला कंपनीत आहात, वय ५१. त्या सात वर्षांच्या पेन्शनचं काय, हा प्रश्न.

मी त्याच एमआयडीसीत टाइम ऑफिसात होतो. मस्टर, पगारपत्रक, फंडाचे फॉर्म हेच काम. त्यामुळे तुमचा कागद कुठून कुठे गेला असेल ते मला ठाऊक आहे.

आधी एक आठवून बघा. २००४ ला सोडताना फॉर्मवर सह्या केल्या होत्या का, आणि पैसे आले होते का? फॉर्म १९ फंडाचा आणि १०-सी पेन्शनचा. बहुतेक ठिकाणी दोन्हीवर एकदमच सही घ्यायचे. दोन्ही रकमा मिळाल्या असतील तर ती सात वर्षं संपली, शोधण्यात अर्थ नाही. पण फक्त फंड आला असेल किंवा काहीच आलं नसेल, तर पेन्शनची नोकरी अजून तुमच्या नावावर आहे. कारखान्याला कुलूप लागलं की आपल्याकडे लोक सरळ म्हणतात, "मना फंड बुडना." कारखाना बुडाला तरी जे पैसे चलनाने भरले गेले ते फंड ऑफिसात असतात.

आता ते शोधण्याइतकं मोलाचं आहे का? आहे. नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या हिश्श्यातून पगाराचे ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. तुमच्या काळात ते महिना जास्तीत जास्त ४१७ रुपये होते, जून २००१ नंतर ५४१. या पैशावर व्याज मोजत बसू नका, पेन्शन ठरते ती पगार आणि नोकरीची वर्षं यांवर. पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५००, नंतरच्यांना १५,०००. म्हणजे जुन्या सात वर्षांचे महिना साधारण ६५० रुपये. फार नाहीत, कबूल. पण ५८ पर्यंत चाकणला राहिलात तर तिथली चौदाएक वर्षं होतील, त्यात ही सात मिळवली की वीस ओलांडतात, आणि वीस वर्षं झालेल्याला हिशेबात आणखी दोन वर्षं धरून मिळतात. आणि चाकणची नोकरी मध्येच सुटली तर? पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात, तेव्हा हीच सात वर्षं तुम्हाला तारतील.

शोधायचा आहे तो तुमचा फंडाचा नंबर. जुना नंबर एमएच, मग कारखान्याचा कोड, मग तुमचा आकडा, असा असायचा. कोड सगळ्या कामगारांचा एकच. म्हणून तुमच्या पाळीतला एखादा जुना सोबती गाठा. त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी किंवा फंडाची वार्षिक स्लिप निघाली की अर्धं काम झालं. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड सापडलं तर तेही जपा, नोकरीचा पुरावा म्हणून चालतं. कुणीच भेटलं नाही तर ईपीएफओच्या, म्हणजे फंडाच्या सरकारी संस्थेच्या, साइटवर कारखान्याच्या नावानं शोध घेता येतो.

कोड मिळाला की जळगावचं रेकॉर्ड नाशिकच्या फंड ऑफिसात. दर महिन्याच्या २७ तारखेला फंड ऑफिसचं 'निधी आपके निकट' शिबिर जिल्ह्यात भरतं, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. गावी आलात की तिथे अर्ज द्या. नाहीतर ईपीएफआयजीएमएस या फंडाच्या ऑनलाइन तक्रार साइटवर तक्रार टाका, जुना कोड लिहून. अर्जात वडिलांचं नाव, लागल्याचं वर्ष, सोडल्याचं वर्ष हवंच. आम्ही दरवर्षी फॉर्म ३-ए भरायचो, प्रत्येक कामगाराचा एक कागद: वर नाव आणि वडिलांचं नाव, खाली बारा महिन्यांचा पगार आणि कपात, शेवटी सोडल्याची तारीख. एका पाळीत तीन-तीन संजय पाटील असायचे, वडिलांच्या नावावरूनच वेगळे काढायचे. जन्मतारीख मात्र कित्येकदा अंदाजाने टाकलेली असे. ती आधारशी जुळली नाही तर जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे कामगार आणि मालकाच्या संयुक्त अर्जाने, दुरुस्त करावी लागेल, आणि खरा वेळ तिथेच जातो.

नंबर सापडला की पैसे काढू नका. तो चाकणच्या यूएएनला (सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असलेल्या फंड नंबरला) जोडून ट्रान्सफर मागा. फंड तेव्हाच काढलेला असेल आणि पेन्शन राहिली असेल, तर १०-सी मध्येच पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट (नोकरीच्या वर्षांचा दाखला) मागता येतं, म्हणजे वर्षं टिकतात. एजंट तुम्हाला 'काढून देतो' म्हणेल, कारण त्याचा वाटा रोखीतून निघतो.

आणि आजच चाकणचं पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बघा. तिथे दरमहा १,२५० पर्यंत आकडा दिसायला हवा. शून्य असेल तर लागताना फॉर्म ११ मध्ये 'आधी सभासद नव्हतो' असं गेलं असण्याची शक्यता आहे. मूळ पगार १५,००० च्या वर असला की नव्या माणसाला पेन्शनमध्ये घेत नाहीत, जुन्या सभासदाला घेतात. तसं असेल तर जुना नंबर हाती येताच एचआरला तो दाखवा आणि दुरुस्ती मागा.