‘मुलाखती घेतल्या’ की ‘मुलाखती घेण्यात आल्या’?

ऐरोलीला राहणारी एक संशोधक विद्यार्थिनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भेटली, तेव्हा तिने प्रबंधाचे एक पान पुढे ठेवून विचारले, की ‘मी मुलाखती घेतल्या’ हे वाक्य प्रबंधात चुकीचे ठरते का. मार्गदर्शकांनी ‘मी’भोवती लाल शाईने गोल काढून समासात ‘कर्मणी करा’ असे लिहिले होते. त्याप्रमाणे सुधारलेले वाक्य असे : ‘सदर संशोधनाच्या अनुषंगाने दिवाळे गावातील मासळीविक्रेत्या महिलांच्या एकूण ३२ मुलाखती घेण्यात आल्या व त्याद्वारे त्यांच्या उपजीविकेविषयक वास्तवाचे आकलन करून घेण्याचा प्रयत्न करण्यात आला.’ ते वाचून मैत्रिणींना हसू आवरले नाही, पण त्यात बिघडले काय, हे कोणालाच सांगता येईना.

तिचे मूळ वाक्य शुद्ध आहे, आणि मुख्य म्हणजे ते कर्मणीच आहे. मुलाखत घेतली, मुलाखती घेतल्या, अनुभव घेतला, टिपण घेतले : यांतले क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि कर्मणी प्रयोगाची खूण हीच. लिहिणारा पुरुष की स्त्री, हेसुद्धा ‘मी मुलाखती घेतल्या’ यावरून कळत नाही. शास्त्रीय लेखनात कर्त्याने पुढे पुढे करू नये, ही अपेक्षा मराठीच्या साध्या भूतकाळात आपसूक बरीचशी पुरी होते. ‘मी’ तरीही खटकत असेल, तर तो गाळून ‘या प्रबंधासाठी ३२ मुलाखती घेतल्या’ असे लिहावे. मराठीला त्यात काहीच अडचण नाही.

‘कर्मणी करा’ हा आग्रह मुळात इंग्रजी शास्त्रीय लेखनाच्या रिवाजातून आलेला आहे. तिथे कर्ता मागे सारायचा तर वाक्याची सगळी घडी बदलावी लागते. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे वाक्य ‘नवीन कर्मणी’ म्हणून देतात, तेही इंग्रजीच्याच वळणाचे. ‘-ण्यात येणे’ या रचनेला मात्र मी वाईट म्हणणार नाही. ‘शुक्रवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ अशी सूचना सोसायटीच्या फलकावर लागते, तेव्हा ती योग्यच असते, कारण तिथे काम संस्थेचे असते आणि व्हॉल्व्ह कोणाच्या हाताने बंद होणार, याच्याशी रहिवाशांना कर्तव्य नसते. प्रबंधात ते कर्तव्य असते. काम कोणी केले, यावर तिथे पुराव्याचे वजन ठरते.

मी तिला विचारले, की बत्तीसच्या बत्तीस मुलाखती तुम्हीच घेतल्या का. तेव्हा तिने सांगितले, की त्यांतल्या ९ मुलाखती दिवाळे गावातच राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीने घेतल्या, कारण पैशांविषयी आणि घरच्या कर्जाविषयी बायका परक्या मुलीशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. संशोधनातली ही इतकी महत्त्वाची गोष्ट ‘घेण्यात आल्या’ या दोन शब्दांखाली पार झाकली गेली होती. मला त्या वाक्याचा खरा दोष हा वाटतो. त्याची लांबी दुय्यम आहे.

बोजड विद्वत्तापूर्ण लेखनाची थट्टा जगभर होत आलेली आहे. डेनिस डटन संपादक असताना ‘फिलॉसॉफी अँड लिटरेचर’ या नियतकालिकाने १९९५ ते १९९८ या काळात वाईट लेखनाची स्पर्धाच घेतली होती. १९९८ साली तिच्यात पहिला क्रमांक अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांच्या वाक्याला, तर दुसरा मुंबईत जन्मलेले साहित्य-समीक्षक होमी भाभा (अणुशास्त्रज्ञ भाभा नव्हेत) यांच्या वाक्याला मिळाला. रूढ समजुतींना धक्का द्यायचा तर रूढ, सोपी भाषा प्रत्येक वेळी पुरत नाही, अशी बाजू बटलर यांनी पुढे मांडली, आणि तिच्यात तथ्य आहे असे मला वाटते. अवघड विचाराला अवघड वाक्य लागू शकते. पण दिवाळ्याच्या बायकांशी जाऊन बोलणे हा अवघड विचार नव्हे, ते केलेले काम आहे, आणि ते सरळ सांगता येते.

राहिले ‘सदर’ आणि ‘अनुषंगाने’. ‘सदर’ म्हणजे वर सांगितलेला. प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात वर काही सांगितलेले नसते, म्हणून तिथे ‘हे’ किंवा ‘या’ पुरे. ‘अनुषंगाने’ म्हणजे ओघाने, संबंधाने. मुलाखती संशोधनाच्या ओघात घेतलेल्या नाहीत, संशोधनासाठीच घेतलेल्या आहेत. ‘आकलन करून घेण्याचा प्रयत्न करण्यात आला’ यात तर एका ‘समजून घेतले’साठी ‘करणे’ हे क्रियापद दोनदा राबवले आहे.

ते वाक्य आम्ही तिथेच बसून पुन्हा लिहिले : ‘दिवाळे गावात मासळी विकणाऱ्या ३२ बायकांचे पोट कसे चालते, हे त्यांच्याकडूनच समजून घेतले. २३ मुलाखती मी घेतल्या. ९ मुलाखती त्याच गावात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने घेतल्या, कारण कर्जाविषयी त्या तिच्याशीच मोकळेपणाने बोलल्या.’ मार्गदर्शकांना दाखवताना, यातली ‘घेतल्या’ ही क्रियापदे कर्मणीच आहेत, एवढे तिने आवर्जून सांगावे.