तुळशीच्या लग्नाआधी बोरं का खायची नाहीत?

चिऊ,

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या वाचली. 'आजी फोनवर म्हणाली, तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोरं आणि आवळे खायचे नाहीत. पण आपण इथे इंग्लंडमध्ये ब्लॅकबेरी ऑगस्टपासून खातोय. मग कोण चुकतंय?' आवळ्यातला ळ बरोबर काढलास, म्हणून उत्तरही मराठीतच देते. अडलं तर बाबांना विचार. बाबाही अडले तर मी उठेपर्यंत थांबा.

आधी आजीचं म्हणणं ऐक. आषाढी एकादशीला विष्णू झोपतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो. मधले चार महिने म्हणजे चातुर्मास. देव उठला की दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत कधीही तुळशीचं लग्न लावतात. वृंदावनात ऊस उभा करतात, तुळशीपाशी चिंचा, बोरं, आवळे ठेवतात, अंतरपाट धरून मंगलाष्टका म्हणतात. हंगामातलं नवं फळ आधी देवाला, मग आपल्या तोंडात. आमच्या घरी हा प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. तू विचारलास, बरं केलंस.

मी प्रश्न विचारला नव्हता, सरळ खाल्ली होती. जळगावला मेहरुणची बोरं प्रसिद्ध, पण आमच्या वाट्याला यायची ती शेताच्या बांधावरची गावठी. बांधावर बोरी-बाभळी आपोआप उगवतात. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. बोरीच्या काटेरी फांद्या तोडून त्यांचंच कुंपणही करतात, त्यांना बोराट्या म्हणतात. म्हणजे बघ, तुझ्या कालव्याकाठच्या हेजसारखंच: काटे, कुंपण आणि फळ, तिन्ही एकाच झाडाचं. तर दिवाळीच्या सुट्टीत, मी तुझ्याहून थोडी लहान असेन, आम्ही चार-पाच जणांनी दगड मारमारून ती हिरवी बोरं पाडली. तुरट, कडक, दातांना चिकटणारी. तरी मूठमूठभर खाल्ली, कारण खायची नाहीत असं सांगितलेलं होतं.

माझ्या आजीने, म्हणजे तुझ्या पणजीने, फ्रॉकचा खिसा उलटा केला. चार बिया पडल्या. ती ओरडली नाही. हात धरून बांधावर घेऊन गेली आणि झाडाखालचा सडा दाखवला. आम्ही खाल्लेल्यांपेक्षा दहापट बोरं दगडांनी पाडून तिथेच टाकलेली होती, दोन फांद्या मोडून लोंबत होत्या. "ही संक्रांतीला सुगडात गेली असती," एवढंच म्हणाली. रात्री पोट दुखलं ते वेगळं. त्याचा दोष बोरांचा की फराळातल्या शंकरपाळ्यांचा, हे नर्स होऊनही मला सांगता येणार नाही.

ते वाक्य मला उशिरा कळलं. बोरीला पावसाळा सरताना फुलं येतात, फळ भरतं ते थंडीत. गोड बोरं खरी पौषातली. म्हणून ती भोगीच्या भाजीत पडतात, संक्रांतीच्या सुगडात हरभरा, ऊस, गाजराच्या जोडीने बसतात आणि बोरनहाणाला लहान मुलांच्या डोक्यावरून ओततात. तुझ्या बोरनहाणाला इथे बोरं मिळाली नव्हती, म्हणून कुरमुरे, चॉकलेटं आणि ब्लूबेरी ओतल्या होत्या. कार्पेटवरचा जांभळा डाग अजून सोफ्याखाली आहे. (सोफा तिथे का आहे, हे आता तुला कळलं.)

आता खरं सांगते. तुळशीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बोरं बहुतेक हिरवटच असतात. तेव्हा हा नियम म्हणजे काही पिकण्याची तारीख नव्हे. कच्ची बोरं खाल्ली की खोकला होतो असं घरोघरी सांगतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. माझ्या मते तो नियम आमच्यासारख्या दगड मारणाऱ्यांसाठी होता. बांधावरच्या झाडाला राखण नसते, येणारा-जाणारा प्रत्येकजण मालक. "अजून हंगाम नाही" असं सांगून कुठलं पोर ऐकेल? "देव झोपलाय" म्हटलं की निदान निम्मी तरी थांबतात.

इथे उलटी गंमत आहे. शेजारच्या आजी बघ, सप्टेंबरभर डबा घेऊन कालव्यावर जातात आणि 10 ऑक्टोबरनंतर ब्लॅकबेरीला हात लावत नाहीत. मी कारण विचारलं तर हसत म्हणाल्या, सैतान थुंकतो. गोष्ट अशी: सेंट मायकल नावाच्या देवदूताने सैतानाला स्वर्गातून ढकललं, तो पडला तो नेमका ब्लॅकबेरीच्या काट्यांत, आणि चिडून त्या झुडपावर थुंकला. दरवर्षी त्या दिवशी तो परत येऊन थुंकतो म्हणे. मायकलचा सण 29 सप्टेंबरला असतो, मग 10 ऑक्टोबर कुठून आला? 1752 साली ब्रिटनने कॅलेंडर बदललं तेव्हा 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर उजाडला. अकरा तारखा गायब! जुन्या हिशेबाने मोजणाऱ्यांचा सण तसा ऑक्टोबरात सरकला. आपलं तुळशीचं लग्नही अधिक महिना आला की पुढे सरकतं, त्यामुळे ह्यावर हसायचा अधिकार आपल्याला नाही.

थुंकीचंही कारण आहे. ऑक्टोबरात रात्री ओल्या होतात, फळावर करडी बुरशी चढते, माश्या बसतात, चव पाणचट होते. तू मागच्या वर्षी उशिरा आणलेला तो केसाळ डबा आठव.

म्हणजे आपल्याकडे हंगामाच्या सुरुवातीला कुलूप आणि इथे शेवटी. माझ्या वॉर्डातली एक बंगाली मैत्रीण सांगते, त्यांच्याकडे सरस्वतीपूजा होईपर्यंत बोरं खायची नाहीत, नाहीतर परीक्षेत नापास. बोरं तीच, पण त्यांची पूजा माघात, आपल्या तुळशीच्या लग्नानंतर अडीच-तीन महिन्यांनी. आजीला हे सांगितलं तर ती खूश होईल, कारण तिच्यापेक्षा कडक कोणीतरी निघालं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कोणीच चुकत नाही. आजीचा नियम बोरीच्या झाडाचा आहे, ब्लॅकबेरीला तो लागू नाही. कार्तिकापर्यंत थांबलो तर हातात फक्त बुरशी येईल. मात्र ज्या फळाला थांबावं लागतं त्याला थांबायचं. कालव्यावरच्या ब्लॅकथॉर्नची ती निळी-काळी फळं, स्लो, तू एकदा चावून थुंकलीस ना? पहिलं गोठलेलं दहिवर पडल्यावर तोडायची असं इथले जुने लोक सांगतात. हल्लीचे लोक आधीच तोडून फ्रीजरमध्ये टाकतात, तीही एक पळवाट. गेल्या नोव्हेंबरात बोरं मिळेनात तेव्हा खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत मी तीच ठेवली होती. काटेरी झाड, तुरट फळ, शोभली. आजीने व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाली, चालतंय.

आवळ्याची जागा मी मनातल्या मनात जंगली गुलाबाच्या लाल फळांना देते. दुसऱ्या महायुद्धात बोटींनी संत्री येईनात, तेव्हा इथल्या शाळकरी मुलांनी ती हेजमधून गोळा केली आणि त्यांचं सिरप बाळांना पाजलं गेलं. क जीवनसत्त्व भरपूर, आवळ्यासारखंच. फक्त आतले केस घशात गेले तर फार खाजतं, तेव्हा तू चाखून बघू नकोस.

शेजारच्या आजींनी फाटकाबाहेर 'घेऊन जा' लिहून ठेवलेल्या खोक्यातली ब्रॅम्ली सफरचंदं मी काल उचलली. ब्रॅम्लीचं पहिलं झाड इथून जवळच, साउथवेलला, 1809 साली एका मुलीने लावलेल्या बीतून आलं. नुसती खाल्ली तर डोळे मिटतात, म्हणूनच मला आवडतात. कैरीच्या जागी घालून गूळ, मेथ्या, लाल तिखटाचा मेथांबा केलाय. निळा डबा. त्याला कुठलाच नियम नाही, पोळीशी खा.

शनिवारी कालव्यावर जाऊ. लाल डबा धुऊन ठेव. घोसाच्या टोकाची ब्लॅकबेरी आधी पिकते आणि तीच सगळ्यांत गोड, तिथून सुरुवात. गुडघ्याच्या खालची नको, कुत्र्यांची वाट आहे ती. रानात आपोआप वाढलेल्या झाडाची फळं घरापुरती तोडली तर इथल्या 1968च्या कायद्याने ती चोरी नाही, विकायला तोडली तर चोरी. तेव्हा शाळेत डबा पन्नास पेन्सला विकायचा तुझा बेत रद्द.

रविवारी आजीला फोन करशील तेव्हा तिने लहानपणी कधी तुळशीच्या लग्नाआधी बोरं खाल्ली होती का, ते विचार. मी दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा तिला नेमकं गॅसवरचं दूध आठवलं.

आई