सिझरची तारीख ठरली, पण बॅग भरून होईना

"ताई, ठरवून सिझर आहे. दवाखान्यात काय काय न्यायचं? रोज काहीतरी राहिलंय असंच वाटतं." गर्भवतींच्या समुपदेशनात हा प्रश्न सारखा येतो, आणि तारीख आधीच ठरलेली असली की जास्तच. कळांची वाट बघणारीचं लक्ष कळांकडे असतं. तारीख हातात असली की सगळी काळजी बॅगेवर येऊन बसते.

अश्विनी (नाव बदललं आहे) त्यांतलीच. पुण्यात बँकेत नोकरी, पहिलंच बाळंतपण. बाळ शेवटपर्यंत फिरलं नाही, पायाळूच राहिलं. दिवस भरलेल्या बाळांपैकी साधारण ३ ते ४ टक्के बाळं अशी असतात, त्यामुळे तिच्या बाबतीत काही अघटित घडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख दिली. घरातल्या एका नातेवाइकांनी पंचांग बघून त्याआधीच्या आठवड्यातला मुहूर्त सुचवला होता. डॉक्टर नाही म्हणाले, आणि फार बरं झालं. कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. त्यापुढे कुठलाही मुहूर्त मोठा नाही.

ती आली तेव्हा तिच्या मोबाईलमध्ये इंटरनेटवरून उतरवलेली भलीमोठी यादी होती. घरी दोन बॅगा आणि एक पिशवी भरून झाली होती. रोज रात्री ती सगळं पलंगावर काढायची, यादीशी ताडून बघायची आणि पुन्हा भरायची. नवरा वैतागला होता. सोबत आलेल्या सासूबाई मात्र काळजीत होत्या. "झोपतच नाही हो ही," एवढंच त्या म्हणाल्या.

मी यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि एकच विचारलं: "ऑपरेशननंतर पहिले १२ तास ही बॅग उघडणार कोण?"

अश्विनी गप्प झाली. तिच्या डोळ्यांसमोर बॅग उघडणारी ती स्वतःच होती. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर काही तास पाय हलत नाहीत. हाताला सलाईन असतं, लघवीची नळी असते, नंतर टाके ओढतात. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात, पण खाली वाकून बॅगेत हात घालणं काही तेव्हा जमत नाही. म्हणजे बॅग भरणार एक आणि उघडणार दुसरी. ठरवलेल्या सिझरच्या तयारीत हीच गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि कुठल्याच यादीत ती नसते.

पुढच्या भेटीला मी मोठी बॅग घेऊनच बोलावलं. सासूबाईंना म्हटलं, "मी सिस्टर आहे असं समजा. बाळ झालंय, कपडे द्या." त्यांनी चेन उघडली. वर ड्रायर, त्याखाली क्रीमच्या बाटल्या, दूध पाजताना घ्यायची ती चंद्रकोरी उशी, मग अश्विनीचे घरी जायचे कपडे. अश्विनी खुर्चीतून सांगत होती, "डावीकडे, आतल्या कप्प्यात, निळी पिशवी." झबलं हाताला लागेपर्यंत सासूबाईंना घाम फुटला. मग त्या सरळ खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू आत टेबलावर असशील. डावीकडे-उजवीकडे मला सांगणार कोण?"

तिथूनच खरं काम सुरू झालं. वस्तू आम्ही त्यांच्या वेळेप्रमाणे लावल्या, आणि बॅग लावली सासूबाईंनी.

सगळ्यांत आधी बाळाचं गाठोडं, वेगळ्या पिशवीत: एक झबलं, टोपडं, लंगोट, पायमोजे आणि दोन मऊ सुती दुपटी. सासूबाईंनी जुन्या नऊवारीची दुपटी शिवली होती. ती मी मुद्दाम हातात घेऊन बघितली. इतक्या वर्षांच्या धुण्यानं कापड असं झालं होतं की बाळाच्या कातडीला त्याहून चांगलं काही मिळणार नाही. नवे कपडे मात्र एकदा धुऊन, कडक उन्हात वाळवूनच न्यायचे, म्हणजे कांजी निघून जाते. तेल, पावडर, काजळ आम्ही काढून ठेवलं. पहिली आंघोळसुद्धा २४ तास तरी घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा त्या सामानाला दवाखान्यात काही काम नाही.

मधाची छोटी बाटली आणि चाटवायला सोन्याची अंगठीही निघाली. इथे मी स्पष्ट बोलले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. मधातल्या जंतूंमुळे क्वचित का होईना, पण जीवघेणा आजार होऊ शकतो. पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटलीही होती, कारण "सिझरला दूध उशिरा येतं" असं कुणीतरी सांगितलेलं. दूध भरून यायला एखादा दिवस जास्त लागतो हे खरं, पण चीक पहिल्या दिवसापासून असतो आणि बाळाला तेव्हा तेवढाच पुरतो. आई भुलीतून सावरायची वाट बघावी लागत नाही. ती जागीच असते, सिस्टर किंवा सोबतची बाई बाळाला छातीशी धरून पाजायला मदत करू शकते. डबा घरीच राहिला. गरज पडली तर डॉक्टर लिहून देतीलच.

अश्विनीच्या पहिल्या दिवसाच्या पिशवीत थोडंच होतं: पुढून उघडणारे दोन सैल गाऊन, मोठे पॅड, कंबरेच्या वरपर्यंत येणाऱ्या सुती चड्ड्या, गरम मोजे, लिप बाम, लांब वायरचा चार्जर आणि एक लहान घट्ट उशी. पॅड बघून ती चकित झाली. सिझरमध्ये रक्तस्राव होत नाही, असा तिचा समज होता. होतो, आणि हळूहळू कमी होत ४ ते ६ आठवडे चालू शकतो. नाडीची सलवार किंवा इलॅस्टिकची पॅन्ट नेमकी टाक्यांवर येते म्हणून नको. उशी खोकताना, शिंकताना पोटाशी दाबून धरायची. उरलेल्या दिवसांचं सगळं गाडीच्या डिकीत.

दागिन्यांवरून थोडं अवघडलेपण झालं. ऑपरेशनसाठी धातूचं काही अंगावर ठेवत नाहीत. नेलपॉलिशही काढावं लागतं, कारण बोटाला लावलेल्या यंत्राला ऑक्सिजन नीट मोजता यायला हवा. मंगळसूत्र उतरवायचं म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आदल्या दिवशी घरीच, देवापुढे, तुमच्या हातानं काढा आणि तुमच्यापाशीच ठेवा. जोडवी आणि हिरव्या बांगड्याही तेव्हाच. हातांना सूज असली तर ऐनवेळी बांगड्या वाढवायची वेळ येते, आणि ते बायकांच्या मनाला फार लागतं. हे त्यांना लगेच पटलं.

हे सगळं होऊनही अश्विनी निघेना. मग हळूच म्हणाली, "मी जागी असणार, पण माझे हात बांधलेले असले तर बाळाला कोण घेणार? ते रडत असेल आणि मी नुसती बघत राहणार." रोज रात्री बॅगेत ती याचंच उत्तर शोधत होती. ती भीती मी हसण्यावारी नेली नाही. तिच्या हातांचं काय होणार, आतमध्ये कोण सोबत असेल, बाळ छातीवर देतात का, टाके घालेपर्यंत ते कुठे असतं, हे प्रश्न तिला कागदावर लिहायला लावले आणि भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्यायला सांगितलं. ती भेट आपल्याकडे बऱ्याच जणी मागतच नाहीत. उत्तर मिळालं: हात बांधत नाहीत, गाल लावायला बाळ लगेच दाखवतील, टाके होईपर्यंत बाहेर बाबांच्या उघड्या छातीवर ठेवता येईल. त्या दिवशी बॅगेत एक वस्तू वाढली, नवऱ्याचा पुढून बटणांचा शर्ट. तो आत्तापर्यंत वैतागलेला गडी दुसऱ्या दिवसापासून स्वतः फाईल लावायला बसला.

फाईलमध्ये सोनोग्राफी, रक्तगटाचा रिपोर्ट, चालू औषधांची नावं, आधार आणि विम्याची कागदपत्रं होती. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड विसरू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझर, औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि ७ दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. तिथल्या बाईची बॅग लहान असली तरी काही बिघडत नाही, हेही मी आवर्जून सांगते.

तारीख ठरलेली असली तरी त्याआधी कळा येऊ शकतात किंवा पाणी जाऊ शकतं, म्हणून ३६व्या आठवड्यात तयारी झालेली बरी. बाळ पायाळू असताना पाणी गेलं तर नाळ खाली घसरण्याचा धोका असतो. तेव्हा बॅगेचा विचारच करायचा नाही. आडवं व्हायचं, दवाखान्याला फोन करायचा आणि निघायचं. सामान मागून कुणीही आणेल.

अश्विनीच्या बाबतीत तारखेलाच झालं, मुलगी झाली. सासूबाईंनी गाठोडं पहिल्या हाकेला काढून दिलं, शर्टाची बटणंही उघडली गेली. मी विचारलं, काय पडून राहिलं? ड्रायर आणि चंद्रकोरी उशी, म्हणाली. लहान उशी मात्र आठवडाभर हातातून सुटली नाही.

तिसऱ्या दिवशी ती कारण नसताना रडत बसली होती. त्याबद्दल आम्ही आधीच बोललो होतो, त्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही, कुणी रागावलंही नाही. बऱ्याच बाळंतिणींना असं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोप उडाली, बाळाला जवळ घ्यावंसंच वाटेना किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर मात्र थांबू नका. डॉक्टरांना सांगा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर कुठल्याही वेळी बोला, मराठीतून बोलता येतं. हा नंबर फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, सोबत राहणाऱ्या बाईला दिसेल असा.