बीम म्हणजे किरण, मग बाबा लूमवर काय चढवतात?

"मॅडम, माझी मेमरीच वीक आहे, काही औषध-बिवषध असतं का त्यावर?" खुर्चीत बसायच्या आधीच पोरानं विचारलं. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरी तेलुगू, राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, बाबा पॉवरलूमवर. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय.) खिशातली डिक्शनरी काढून दाखवली, रोज 30 शब्द पाठ करायलोय म्हणाला, वहीत डावीकडं इंग्लिश उजवीकडं मराठी, आणि तिसऱ्या दिवशी पंचवीस गायब. हीच तक्रार घेऊन माझ्याकडं दर महिन्याला दोघं-तिघं तरी येतात, म्हणून लिहितेय.

मेमरी बघितली तर ठणठणीत. मराठी, तेलुगू आणि शेजाऱ्यांकडून उचललेली कामचलाऊ कन्नड, तीन भाषा डोक्यात आहेत आणि हा म्हणतोय मेमरी वीक! विसरण्याचं म्हणाल तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच भराभर उडून जातं. पण त्यानं पाठ काय केलं होतं, तर मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरं. या पोराची वही मला तशीच वाटली.

आधी माझीच चूक सांगते. पहिल्या भेटीत मी नेहमीचं सांगून मोकळी झाले, इंग्लिश पेपर वाचत जा. पुढच्या आठवड्यात आला तो रडवेला होऊन, अर्ध्या पानात साठ शब्द अधोरेखित. वाचनाचा अभ्यास करणारे सांगतात की शंभरातले 95 ते 98 शब्द आधीच येत असतील तरच बाकीच्यांचा अंदाज लागतो, नाहीतर नुसता चिखल. मला माहीत होतं हे, तरी बोलून गेले. मग आठवीचं इंग्लिशचं पुस्तक काढायला लावलं, लाज वाटली त्याला, पण काढलं.

आणि मग वही उघडली. त्यात 'बीम = किरण'. मी म्हटलं, अरे, तुझे बाबा लूमवर काय चढवतात? "बीम." मग तो किरण आहे का? गप्पच बसला. ताण्याचं सूत गुंडाळलेला तो रूळ लहानपणापासून बघतोय, पण डिक्शनरीतला बीम त्याला वेगळाच कुणीतरी वाटत होता. जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द झाडाला, लाकडाच्या ओंडक्याला होता, म्हणून घराची तुळई बीम, लूमचा रूळ बीम, आणि गाडीच्या हेडलाइटचा सरळ झोत पण बीम. मग शटल काढला. शटल म्हणजे धोटा, लूमवर आडवं सूत घेऊन पळणारा, इकडून तिकडं, तिकडून इकडं. तेवढं डोक्यात बसलं की शटल बस, बॅडमिंटनचं शटल, स्पेस शटल, काही पाठच करावं लागत नाही, सगळे ये-जा करणारे.

उलट बाजूनं पण केलं. कडक चहा, कडक भाकरी, कडक शिस्त, एप्रिलमधलं आपलं कडक ऊन, याला इंग्लिशमध्ये एकच शब्द दे म्हटलं. चहा स्ट्राँग, भाकरी क्रिस्प, शिस्त स्ट्रिक्ट, ऊन स्कॉर्चिंग. स्ट्राँग भाकरी म्हणून बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणजे सुटा शब्द लिहायचा नाही, जोडीदारासकट लिहायचा, 'स्ट्राँग टी' असा.

तीसचे सात केले. तेही डिक्शनरीत ए पासून नाही. मायकल वेस्ट नावाचे एक साहेब ढाक्यात शिकवायचे, त्यांनी 1953 मध्ये रोजच्या वापरातल्या साधारण 2000 शब्दांची यादी काढली, साध्या मजकुरातले 80 टक्क्यांच्या आसपास शब्द त्यातच येतात, मग आधी ते पक्के करा की. उजळणीला चपलांचे तीन खोके, एका चिठ्ठीवर एक शब्द. आलेला शब्द पुढच्या खोक्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला खोका रोज उघडायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. ही पण माझी आयडिया नाही, लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं 1972 मध्ये सांगितलेली. मोबाईलवर ॲप मिळतात अशी, पण मोबाईल हातात आला की रील, म्हणून खोकेच बरे.

जादू वगैरे झाली नाही. दीड महिन्यानं आला तेव्हा तिसऱ्या खोक्यात एकशे दहाच्या वर चिठ्ठ्या, बोलताना अजून अडखळतोच, 'मेक' आणि 'डू' मध्ये घोळ चालूच. पण औषधाचं काही विचारलं नाही. उलट मलाच विचारलं, "मॅडम, पिक म्हणजे काय?"

उचलणे, निवडणे, मी म्हटलं.

"बाबांना विचारलं मी. धोट्याची एक फेरी म्हणजे एक पिक. तुमच्या वहीत लिहून घ्या की."

लिहून घेतलं.